सगळेच शॉर्टस्टॉप

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५च्या जुलैमधल्या अमेरिकी बेसबॉल ड्राफ्टची, म्हणजे क्लबांनी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडण्याची, बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. ओक्लाहोमातल्या शाळेचा शॉर्टस्टॉप एली विलिट्स पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, वय १७, करार ८२ लाख डॉलरचा. बातमी खरीच आहे. पण ती वाचून इथल्या माझ्या ओळखीच्या दोन मराठी घरांत ‘आपल्यालाही मुलाला यातच घालायला हवं’ अशी बोलणी सुरू झाली, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा इथे मिशिगनमध्ये शाळेच्या संघात खेळायचा आणि संघाचं स्कोअरबुक मी भरायचे. त्यात मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पहिला बेस म्हणजे ३, दुसरा बेस ४, शॉर्टस्टॉप ६. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या या जागेकडे जमिनीवरून सरपटत येणारे चेंडू सारखे येत राहतात. फलंदाज पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट साडेचार सेकंदांच्या आसपास पळतो. तेवढ्यात चेंडू अडवायचा, ग्लव्हमधून काढायचा आणि मैदानाच्या पार पलीकडे फेकायचा. त्यामुळे शाळेत सगळ्यात तरबेज पोरालाच तिथे उभं करतात.

आमच्या संघाचा ६ नंबर माझ्या मुलाचा जिवलग मित्र. इथे मार्चमध्ये मैदानावर बर्फ असतो, म्हणून सराव जिमच्या गुळगुळीत लाकडी फरशीवर. मग एप्रिलमध्ये ओल्या, उकरलेल्या मातीवर तोच चेंडू कुठूनही उसळतो. हा मुलगा सराव संपला तरी घरी जायचा नाही. माझ्या मुलाच्या हातात बॅट द्यायचा आणि मुद्दाम तिसऱ्या बेसच्या अंगाला, जिथे माती सगळ्यात खराब, तिथे चेंडू मारायला लावायचा. एकदा ओठ फुटला. रुमालाने पुसून पुन्हा जागेवर. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मुलं बारा महिने मैदानावर असतात. आमच्याकडच्या मुलाला क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटच्या नजरेत भरायला उणेपुरे दोन महिने मिळतात.

२०२० हे त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष. करोनामुळे राज्यातला हंगामच रद्द झाला. आदल्या वर्षापर्यंत ४० फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट त्या वर्षी ५ फेऱ्यांत उरकला. त्या हंगामासाठी आणलेलं कोरं स्कोअरबुक माझ्या कपाटात अजून आहे. टाकवत नाही.

तो कॉलेजात गेला. चार वर्षांच्या कॉलेजात गेलं की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत ड्राफ्टची दारं बंद. तेव्हा मला हा नियम जाचक वाटला होता, आता वाटतं तो त्याच्या पथ्यावरच पडला. पुढे नामवंत शॉर्टस्टॉप झालेला डेरेक जीटर आमच्याच मिशिगनचा. १९९२मध्ये कलमझूच्या शाळेतून थेट न्यूयॉर्कच्या यांकीज क्लबाने सहाव्या क्रमांकावर निवडला. पुढच्या वर्षी ग्रीन्सबरोला मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगखालच्या तयारीच्या पायऱ्यांवर, त्याच्या नावावर ५६ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, लागल्या. पन्नासपेक्षा जास्त वेळा कुणीतरी त्याच्यासमोर ‘ई-६’, म्हणजे सहा नंबरची चूक, असं लिहिलं असेल, या विचाराने माझ्यासारखीच्या पोटात आजही कालवतं. क्लबाने धीर धरला आणि १९९६मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पण तो पहिल्या फेरीतला होता. शेवटच्या फेऱ्यांतल्या मुलासाठी एवढा धीर धरलेला मी तरी पाहिला नाही.

आमच्या ६ नंबरची निवड २०२३मध्ये झाली, २० फेऱ्यांपैकी शेवटी शेवटी. फ्लोरिडातल्या तळावर पोहोचल्यावर त्याचा पहिला फोन माझ्या मुलाला. “इथे सगळेच सहा नंबर आहेत.” साहजिकच आहे. देशभरातल्या शाळांचे सगळ्यात चांगले खेळाडू एका अंगणात आणले की शॉर्टस्टॉपची रांग लागणारच, आणि जागा एकच. बाकीच्यांना दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, नाहीतर बाहेर आउटफिल्डमध्ये पाठवतात. यांकीजचा आउटफिल्डमधला दिग्गज मिकी मँटलसुद्धा शॉर्टस्टॉप म्हणूनच आला होता. मॅनी मचाडोही शाळेतून शॉर्टस्टॉप म्हणून निवडला गेला आणि मोठ्या लीगमध्ये तिसऱ्या बेसवर उतरला. आमच्या ६ नंबरला दुसऱ्या बेसवर हलवलं. आठवडाभर तो कुणाशी नीट बोलला नाही, असं त्याची आई सांगत होती.

पैशाचंही लिहिते. खेळाडूंच्या संघटनेने २०२३मध्ये मायनर लीगसाठी पहिला सामूहिक करार केला, तेव्हा हाय-ए या पायरीचा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलरवरून २७,३०० झाला. राहायची सोय आता क्लब करतो, हा फार मोठा दिलासा. तरी हाय-एच्या वर अजून डबल-ए, ट्रिपल-ए, आणि मग मोठी लीग. मंगळवार ते रविवार रोज सामना, सोमवारी सुट्टी, आणि तीही कितीदा तरी बसमध्ये जाते. शाळा-कॉलेजात धातूची बॅट असते, इथे लाकडी. चेंडू जरा मुठीजवळ लागला की दोन तुकडे. ज्या पालकांच्या मुलाला शाळेतूनच बोलावणं येईल त्यांनी रकमेइतकंच, पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लब देईल हे करारात लिहून घ्यावं. तशी सोय आहे. आणि आपण पुढच्या जुलैत पहिल्या नावाबरोबर विसाव्या फेरीबद्दलही चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा संघ लान्सिंगला आला होता. मी स्कोअरबुक घेऊन गेले. पाचव्या डावात चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो वळता वळता शॉर्टस्टॉपकडे टाकला आणि तिथून पहिल्या बेसकडे. दोन बाद. मी सवयीने ६-४-३ लिहिलं, मग खोडून ४-६-३ केलं.

आपली वाचक,
ग्रँड रॅपिड्स, मिशिगन