अथेन्सच्या नळाला कुठल्या राजाचं पाणी येतं

ती. आबा,
सा. न.

फोनवर तुम्ही विचारलंत की अथेन्सला पाणी कुठून येतं आणि नेमका आवाज तुटायला लागला, म्हणून आता नीट लिहून पाठवते, दादाला सांगा प्रिंट काढून द्यायला. तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंत, त्यामुळे कुठल्याही गावाचं नाव निघालं की तुमचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो हे मला माहीतच आहे, आणि यावेळी तर उत्तर इतकं भारी निघालं की मी दोन-चार पुस्तकं धुंडाळत बसले.

तर आधी तुमच्या कामाचं. अथेन्सच्या आसपास म्हणावी अशी मोठी नदी नाही. 1929 साली मॅरेथॉनला धरण बांधलं, त्याच्या भिंतीला संगमरवराचा मुलामा आहे, पण शहर वाढलं तसं ते पुरेना, मग पश्चिमेकडे दूर मोर्नोस नदीवर मातीचं धरण झालं, तिथून जवळपास 190 किमी लांबीच्या कालव्या-बोगद्यांतून पाणी इथे येतं. तेही कमी पडायला लागल्यावर शेजारच्या खोऱ्यातल्या एव्हिनोस नदीवर आणखी एक धरण बांधून साधारण 30 किमीच्या बोगद्याने तिचं पाणी मोर्नोसमध्ये सोडलं. 2024 च्या दुष्काळात मोर्नोसची पातळी इतकी खाली गेली की धरणात बुडालेल्या कॅलिओ गावातल्या घरांच्या भिंती वर आल्या, लोक बघायला जात होते. म्हणजे मी सकाळी चहाला जे पाणी ठेवते त्यात एव्हिनोसचंही पाणी असतं. आणि आबा, एव्हिनोस हा एक राजा होता!

गोष्ट अशी आहे. एव्हिनोस राजाची मुलगी मार्पेसा, अतिशय देखणी. इडास नावाचा वीर तिला पळवून घेऊन निघाला आणि त्याचा रथ साधासुधा नव्हता, समुद्राचा देव पोसायडन याने दिलेला पंखांचा रथ. बाप आपल्या रथातून मागे लागला, लिकोर्मास नावाच्या नदीपर्यंत पोचला आणि तिथे त्याला कळून चुकलं की आता पोरगी हाताला लागत नाही. त्याने आपले घोडे मारले आणि स्वतः नदीत उडी घेतली. तेव्हापासून लिकोर्मासचं नाव एव्हिनोस. पुढे अपोलो देवालाही मार्पेसा हवी होती, तो इडासशी भांडायला उभा राहिला, शेवटी देवांचा राजा झ्यूस मध्ये पडला आणि म्हणाला मुलीलाच विचारा. तिने माणूस निवडला, देव नाही, कारण आपण म्हातारे झालो की हा कायम तरुण राहणारा देव आपल्याला टाकून देईल ही तिला भीती. मला ही मुलगी फार आवडली, आजीला तिची गोष्ट नक्की सांगा.

ह्याच नदीवर नेसोस नावाचा अर्धा माणूस अर्धा घोडा लोकांना पाठीवर बसवून पैलतीराला न्यायचा आणि भाडं घ्यायचा. हर्क्युलिसने आपली बायको देइआनिरा त्याच्या पाठीवर बसवली, नदीच्या मध्यावर त्याने तिच्यावर हात टाकला, हर्क्युलिसने विषारी बाण मारला, आणि मरता मरता त्याने तिला दिलेलं स्वतःचं रक्तच शेवटी हर्क्युलिसच्या जिवावर उठलं. आणि बघा, हे नेसोस नावही हेसिओडने दिलेल्या नद्यांच्या यादीत आहे, ती नदी पार उत्तरेला थ्रेसमध्ये.

हेसिओड म्हणजे इथला फार जुना कवी, इ.स.पू. 700 च्या आसपासचा. तो म्हणतो की ओकेआनोस हा देव आणि टेथिस ही त्याची देवी बायको, यांचे मुलगे म्हणजे सगळ्या नद्या, त्यातल्या पंचवीस तो नावानिशी सांगतो, नाईलपासून सुरू करून, आणि मग म्हणतो की बाकीच्या सगळ्यांची नावं एका माणसाला सांगणं अवघड आहे, पण जे ज्या नदीकाठी राहतात त्यांना तिचं नाव माहीत असतं. किती खरं आहे ना हे. तर त्या पंचविसांत एव्हिनोस आहे, नदी म्हणून, देवीच्या पोटी जन्मलेली. मग राजा बुडाला म्हणून नाव पडलं ही गोष्ट कुठे बसवायची? मी बरंच वाचलं आणि माझं मत असं झालंय की आधी नदीच होती, राजा नंतर आला. नदीच्या नावाचा माणूस घराण्याच्या मुळाशी बसवायचा ही इथली जुनी रीत दिसते.

ह्याचा सगळ्यात स्पष्ट नमुना आर्गोसला मिळतो. तिथल्या नदीचं नाव इनाखोस आणि आर्गोसच्या पहिल्या राजाचंही नाव इनाखोस, त्याची मुलगी इओ, जिला झ्यूसपायी गाय व्हावं लागलं. दुसऱ्या शतकात पाउसानिआस नावाचा प्रवासी सगळा ग्रीस फिरला, तो दोन्ही बाजू नोंदवून ठेवतो: काही म्हणतात राजाने स्वतःचं नाव नदीला दिलं, आणि काही सरळ म्हणतात की इनाखोस माणूस नव्हताच, नदीच होता. पुढची कथा तर तुमच्याच कामाची आहे. आर्गोसची जमीन कुणाची यावर पोसायडन आणि हेरा देवी यांचं भांडण लागलं, पंच म्हणून तिथल्या तीन नद्या बसल्या, इनाखोस, किफिसोस आणि अस्तेरिओन, त्यांनी निकाल हेराच्या बाजूने दिला आणि पोसायडनने रागाने तिघांचं पाणी काढून घेतलं, म्हणून पाऊस पडल्याशिवाय त्यांना पाणी नसतं. मी तिथे गेले तेव्हा इनाखोसचं पात्र नुसतं गोटे आणि बोरू, आणि दोन्ही बाजूला मैलोन्‌मैल संत्र्याच्या बागा. त्या सगळ्या बोअरवर. इतका उपसा झालाय की जमिनीखालून समुद्राचं खारं पाणी आत शिरलंय, बागायतदार हैराण आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा उलटी आहे. आपली कृष्णामाई, गोदामाई, सगळ्या आया. यांच्या नद्या जवळजवळ सगळे पुरुष, बाप. आणि बाप म्हणजे खरोखर पोरं वाढवणारा. आपण जावळ काढतो ना, तसं इथली मुलं वयात आली की केसांची बट कापून गावच्या नदीला वाहायची. इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात ग्रीक वीर अकिलीसचा बाप पेलेउस नवस बोलतो की मुलगा युद्धावरून सुखरूप घरी आला तर त्याचे केस स्पेर्खिओस नदीला वाहीन. अकिलीसने त्यासाठी केस वाढवलेले असतात. पण मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर त्याला कळतं की आपण काही आता परत जात नाही, तो समुद्राकडे बघत त्या लांबच्या नदीशी बोलतो आणि केस कापून मित्राच्या हातात ठेवतो. हे वाचताना मला फार भरून आलं. स्पेर्खिओस अजून वाहते, थर्मोपिलीजवळ समुद्राला मिळते, आणि गाळाने तिथला किनारा काही किलोमीटर पुढे सरकवलाय, त्यामुळे जिथे डोंगर आणि समुद्राच्या मध्ये चिंचोळी वाट होती तिथे आता मोकळं मैदान आहे.

पोरांना नदीची नावंही ठेवायचे. ट्रॉयच्या बाजूने लढणारा हेक्टर आपल्या तान्ह्याला स्कामांद्रिओस म्हणायचा, गावच्या स्कामांद्रोस नदीवरून. सिमोएसिओस नावाच्या पोराला आईने सिमोएस नदीच्या काठावर जन्म दिला म्हणून ते नाव.

आणि हे नुसतं कवींचं नाही, साध्या घरांतही होतं. मी पिरेयसहून मेट्रोने घरी येते तेव्हा फालिरो स्टेशन सुटलं की गाडी किफिसोस नदीवरून जाते. नदी म्हणजे आता काँक्रीटचा रुंद नाला, वरच्या अंगाला तर तिच्यावर हायवेच आहे, शेजारी कुणी मान वळवून बघत नाही. याच फालिरोला जुनी एक संगमरवरी शिळा सापडली, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरची, ती इथल्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. क्सेनोक्रातेइया नावाच्या बाईने किफिसोस देवाचं ठाणं स्थापन केलं आणि ही शिळा वाहिली, कशासाठी तर शिक्षणासाठी, म्हणजे मुलाच्या. शिळेवर देवांची दाटी आहे, खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्या गर्दीत खाली एवढंसं पोरगं, जेमतेम देवाच्या गुडघ्याच्या वर येईल एवढं, हात वर करून समोरच्या देवाकडे बघतंय, आणि देव त्याच्याकडे वाकलाय. मागे आई उभी. लेखात ती स्वतःची ओळख क्सेनिआदेसची मुलगी आणि आई अशी देते, म्हणजे वडिलांचंच नाव मुलाला ठेवलेलं. तिच्या दृष्टीने ही नदी पोराला हुशार करणार होती. मी बराच वेळ तिथे उभी होते.

त्याच शिळेच्या उजव्या टोकाला एक बैल आहे, तोंड माणसाचं. तो अखेलोस. हा ग्रीसमधल्या सगळ्यात मोठ्या नद्यांपैकी एक, पिंडस डोंगरातून निघून साधारण 220 किमी वाहतो, आणि सगळ्या नददेवांत याचा मान मोठा. वरच्या त्या देइआनिरासाठी हा हर्क्युलिसशी कुस्ती खेळला, आधी साप झाला, मग बैल झाला, आणि हर्क्युलिसने त्याचं एक शिंग उपटून काढलं, ते शिंग म्हणजे भरभराटीचं, त्यातून फळं कधी संपत नाहीत.

आता यावर स्ट्राबो काय म्हणतो ते ऐका, दोन हजार वर्षांपूर्वीचा भूगोलवाला. तो म्हणतो साप म्हणजे नदीची लांबी आणि वळणं, बैल म्हणजे पुराचा आवाज, शिंगं म्हणजे पात्राचे बाक, आणि शिंग मोडलं म्हणजे हर्क्युलिसने सासऱ्यासाठी बांध घातले, चर खणून पाणी वळवलं आणि दलदलीतून जमीन मोकळी केली, तिथे भरघोस पीक आलं तेच ते शिंग. आबा, म्हणजे हर्क्युलिस तुमच्याच खात्यातला! स्ट्राबोचं खरं मानायलाच हवं असं नाही, पण मला ते पटतं, कारण नदी अंगावर आल्याशिवाय अशी कुस्ती कुणाला सुचणार नाही.

अखेलोसचा गाळही नावाजलेला. हेरोडोटस हा जुना इतिहासकार लिहितो की मुखापाशी असलेल्या एखिनादेस बेटांपैकी निम्मी त्याने तेव्हाच जमिनीला जोडून टाकली होती. थ्युसिडिडीस हा दुसरा इतिहासकार तिथली एक गोष्ट सांगतो, अल्कमेओनने आईला मारलं, सगळी जमीन त्याच्या पापाने विटाळली, आणि देवाने सांगितलं की तू मारलंस तेव्हा जी जमीन अस्तित्वातच नव्हती तिथे जाऊन राहा. तो भटकत भटकत अखेलोसच्या ताज्या गाळावर येऊन राहिला, आणि त्याच्या मुलाच्या नावावरून त्या मुलखाचं नाव अकार्नानिया पडलं, आजही तेच आहे.

आता तो गाळ धरणांत अडतो. क्रेमास्ताची भिंत 160 मीटर उंच आहे, माती-भरावाची, 1960 च्या दशकातली, खाली कास्त्राकी आणि स्त्रातोस अशी आणखी दोन. आणि वरच्या खोऱ्यातून अखेलोस पूर्वेला थेसलीच्या मैदानाकडे वळवायचा प्रकल्प कित्येक दशकं चाललाय, इथल्या वरच्या कोर्टाने तो पुन्हा पुन्हा थांबवला, त्यातल्या मेसोखोरा धरणाची भिंत 2001 च्या सुमाराला उभी राहिली तरी वर्षानुवर्षं त्यात पाणी अडवता आलं नाही. थेसलीच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांना पाणी पाहिजे, अखेलोसकाठच्या लोकांना नदी जाऊ द्यायची नाही. मी काठच्या लोकांच्या बाजूची आहे, कापसाला एवढं पाणी पाजण्यापेक्षा पीक बदलावं असं मला वाटतं. पण एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं म्हटलं की काय काय होतं हे तुम्ही स्वतः पाहिलंय, म्हणून तुमचं मत मला हवंय. पत्रच लिहा, फोनवर आजी मध्ये जेवलीस का विचारते आणि विषय राहून जातो.

क्रेमास्ताच्या भिंतीचे आणि सांडव्याचे फोटो दादाच्या मोबाइलवर टाकलेत, मोठे करून बघा. बीपीची गोळी चुकवू नका. आजीला, आईबाबांना नमस्कार.

तुमची नात