जेट स्कीचे इंजिन उघडण्याआधी

महोदय,

पावसाळ्यात बंद राहिलेल्या जलक्रीडा सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होऊ लागल्या की तारकर्ली, नागाव, काशीद अशा किनाऱ्यांवर एक तक्रार हमखास कानी येते : जुनी विकत घेतलेली जेट स्की (पाण्यावर धावणारी स्कूटर) मे महिन्यापर्यंत व्यवस्थित चालत होती, आता मात्र सुरूच होत नाही. मग दुचाकी दुरुस्त करणारा मेस्त्री बोलावला जातो, तो चार-पाच वेळा सेल मारून पाहतो आणि ‘इंजिन बसले’ असा निकाल देऊन हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडायला घेतो. रिंग-पिस्टनचा हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो, हे या व्यवसायातला माणूस म्हणून मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. बिघाड बहुधा टाकीत साचून राहिलेल्या पेट्रोलात, उतरलेल्या बॅटरीत किंवा खाऱ्या हवेने गंजलेल्या एखाद्या जोडात असतो.

सेल मारण्यापूर्वी सीट काढून आतली वाफ बाहेर जाऊ द्यावी. मशीनच्या बंद पोटात कोंडलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. बटण दाबूनही काहीच हालचाल झाली नाही, तर चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षा दोरी आपल्या जागी नीट बसली आहे का, हे आधी पाहावे. नुसता ‘टक’ असा आवाज आला, तर बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी एरवी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल मारताना ती साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, तर स्टार्टर मोटर खोलण्यात अर्थ नाही. बॅटरी ठणठणीत असेल, तर रिलेची (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचची) आणि अर्थिंगची टोके हिरवी पडली आहेत का ते पाहून ती घासून घ्यावीत.

इंजिन थोडे फिरून अडत असेल, तर मात्र पुन्हा बटण दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असू शकते आणि पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढावेत, ठिणगी पडणार नाही अशी व्यवस्था करावी आणि मगच सेल मारून पाणी बाहेर फेकू द्यावे. हे पाणी कुठून येते, याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच धुण्याच्या पद्धतीत सापडते. समुद्राचेच पाणी आत खेळवून थंड होणारे मशीन गोड्या पाण्याने धुताना इंजिन आधी सुरू करून नळ नंतर उघडायचा असतो आणि संपवताना नळ आधी बंद करून इंजिन नंतर थांबवायचे असते. हा क्रम उलटला की एक्झॉस्टमध्ये साठलेले पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. पाणी खारे असेल, तर बेअरिंग आणि रिंगा गंजायला फार दिवस लागत नाहीत. त्यामुळे ‘उद्या बघू’ हे येथे चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब पेट्रोलची. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर यामाहा असो वा सी-डू, या जेट स्की ब्रँडच्या बहुतेक मशीनच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिन नेमके तिथूनच इंधन ओढते. शिवाय जुन्या टू-स्ट्रोक मशीनमधल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) पडदे अशा इंधनाने लवकर खराब होतात. अशा वेळी थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावे : खाली वेगळा थर दिसला किंवा जुन्या ऑइलपेंटसारखा वास आला, तर सगळी टाकी रिकामी करावी, फिल्टर बदलावा आणि कार्बोरेटरच्या आतली बारीक जाळीही काढून साफ करावी. ही जाळी अनेक मेस्त्रींना ठाऊकच नसते.

एवढे करूनही मशीन सुरू झाले नाही, तरच थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. सर्व सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आणि पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आले, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही. एखादा फारच खाली आला, तर खर्च अटळ आहे. जुने मशीन विकत घेतानाच ही पाच मिनिटांची तपासणी करून घेतली, तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर विसंबावे लागत नाही. फोर-स्ट्रोक असेल, तर ऑइलची काडीही ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळले, की व्यवहार तिथेच थांबवावा.

पर्यटन वाढवण्याच्या घोषणा करणाऱ्या शासनाकडे दोन मागण्या आहेत. किनाऱ्यालगतच्या निवडक पंपांवर कमी इथेनॉलचे पेट्रोल उपलब्ध व्हावे, यासाठी तेल कंपन्यांकडे पाठपुरावा करावा. आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी व रायगडमधील आयटीआयमध्ये जेट स्की आणि आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायच्या) इंजिनांच्या दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करावा. मोटार आणि डिझेल मेकॅनिक तिथे आजही घडतात, त्यांना खाऱ्या पाण्यातल्या पेट्रोल इंजिनाची ओळख करून द्यायला काही आठवडे पुरतील. हा वर्ग पावसाळ्यातच घ्यावा, कारण तेव्हा व्यावसायिक मोकळे असतात आणि सरावासाठी बंद पडलेली मशीन गावोगाव उभी असतात.

आपला,
एक जलक्रीडा व्यावसायिक, मालवण