नादारीच्या अर्जासाठी मोफत वकील मिळतो, हे ऋणकोला (कर्जदाराला) वेळेत कळावे

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील, शिवणकाम करणाऱ्या एक ताई कागदांनी भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मी दिवाणी न्यायालयात तीस वर्षे कारकुनी केली, एवढ्यावर त्यांचा भरवसा. टाळेबंदीत दुकान बंद पडले, तीन ठिकाणचे कर्ज थकले, त्यांपैकी एका कर्जाचा हुकूमनामा (पैसे द्या असा न्यायालयाचा निकाल) होऊन दरखास्तही (त्याच्या वसुलीचा अर्ज) दाखल झाली. आणि ‘नादारीचा अर्ज’, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचा अर्ज, ‘करून देतो’ असे सांगून एका एजंटाने त्यांच्याकडून बारा हजार रुपये घेतले होते, तेही त्यांनी उसने काढून दिलेले. पिशवीत अर्जाची प्रत नव्हती की वकीलपत्रही नव्हते. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘बेलिफ शिलाई मशीन आणि मंगळसूत्र नेईल का?’

मशीन तारण नसेल तर नेता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्तीतून वगळले आहेत. शिवाय पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, असे कलम ५६ म्हणते. हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, आणि उत्पन्नाबाबत साधारणतः अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे धरले जाते. वकिलाची फीच नव्हे, तर न्यायालयीन शुल्क आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. ही मदत फौजदारी खटल्यांपुरती किंवा पोटगीपुरती आहे, असा समज मी न्यायालयाच्या आवारातही वारंवार ऐकला आहे; तो चुकीचा आहे. नादारीच्या अर्जालाही ती लागू आहे.

या कामात तर वकिलाची गरज अधिकच आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब ऋणकोंसाठी सोपी कर्जमुक्तीची प्रक्रिया लिहिलेली आहे, पण ती अद्याप अमलात आलेली नाही. त्यामुळे सामान्य माणसाला आजही मुंबईत १९०९ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात आणि राज्यात इतरत्र १९२० च्या कायद्याखाली साधारणपणे जिल्हा न्यायालयात जावे लागते. मालमत्तेची आणि धनकोंची (कर्ज देणाऱ्यांची) संपूर्ण यादी द्यावी लागते. तारण कर्ज देणाऱ्याचा तारणावरील हक्क कायम राहतो. नादार ठरल्यावर कर्जातून मुक्ततेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, तो न केल्यास मूळ आदेशच रद्द होऊ शकतो. काहींना नादारीपेक्षा लोकअदालतीतील तडजोड हिताची ठरते. कोणासाठी काय योग्य, हे कागद पाहून वकिलानेच सांगितले पाहिजे. एजंटाला यातले काहीच सांगता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ प्रमाणे, दरखास्तीत अटक झालेल्या ऋणकोला ‘तुम्ही नादारीसाठी अर्ज करू शकता’ असे सांगणे न्यायालयावर बंधनकारक आहे. पण अटक होईपर्यंत थांबायचे कशासाठी? दरखास्तीची नोटीस घरी येते त्याच कागदावर, मराठीत आणि ठळक अक्षरांत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, १५१०० हा मदत क्रमांक आणि ‘नादारीच्या अर्जासाठीही मोफत वकील मिळतो’ हे एक वाक्य छापावे, अशी माझी राज्य विधी सेवा प्राधिकरणाला कळकळीची विनंती आहे. तालुका विधी सेवा समित्यांच्या दारावरील फलकांवरही नादारीचा स्पष्ट उल्लेख हवा.

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन गेलो. एका पानाचा अर्ज आणि आधार कार्डाची प्रत एवढ्यावर त्यांना पॅनेलवरील वकील मिळाल्या. एजंटाला दिलेले बारा हजार मात्र अजून परत आलेले नाहीत.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त न्यायालयीन कर्मचारी