नवे पॅड घेण्याआधी

पाचोरा

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार. मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक नीट लागत नाही आणि मेकॅनिक नवे पॅड टाकायला सांगतोय, असं तू लिहिलंस. पॅड घेण्याची घाई करू नकोस, भो. एवढ्या जुन्या गाडीत बहुतेक वेळा दुखणं पॅडात नसतं, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकलेला असतो. आपली काळी माती पावसाळ्यात कॅलिपरमध्ये जाऊन बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी टणक होते. नवे पॅड टाकले तरी ती तिथेच राहते.

गाडी डबल स्टँडवर लाव आणि कॅलिपरचे दोन बोल्ट काढ. कॅलिपर होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नकोस, सुतळीनं फोर्कला बांध. पॅड काढून शेजारी शेजारी ठेव. पिस्टनच्या बाजूचा संपत आलाय आणि पलीकडचा जवळजवळ नवा दिसतोय, म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम झाल्यात. तुझ्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला आहे. तो एक पॅड ढकलतो, आणि दुसरा पॅड डिस्कला टेकायचा तर सगळा कॅलिपर सरकावा लागतो. तो सरकलाच नाही तर एकच पॅड राबतो. एखादा पॅड तिरका झिजला असेल तरी कारण बहुधा हेच. पॅडचं झिजणारं अस्तर दीड मिलिमीटरच्या खाली गेलं असेल किंवा मधली खाच पुसली असेल, तरच पॅड बदल.

पिना ओढून काढ. जुनं काळं ग्रीस चिंधीनं पूस, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरव. नवीन ग्रीस सिलिकॉनचंच लाव, तेही पातळ थरानं. चेन-बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की पिनांवरची रबरी टोपणं, म्हणजे बूट, फुगतात आणि पिन आधीपेक्षा जास्त अडकते. ही चूक जिथे तिथे दिसते. बूट फाटला असेल तर आधी तो बदल, नाहीतर दोन पावसांत पुन्हा तेच.

आता पिस्टन. पॅड बाहेर असताना लिव्हर जोरात दाबू नकोस, पिस्टन उडून बाहेर येईल. अगदी हलकेच दाबून तो चार-पाच मिलिमीटर बाहेर आण आणि बाहेर आलेला भाग जुन्या टूथब्रशनं, ताज्या ब्रेक ऑइलनं घासून काढ. तसाच आत ढकललास तर चिकटलेली माती सीलमध्ये जाते आणि गळती सुरू होते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही इथे चालत नाही, सीलचं रबर फुगतं. ढकलण्याआधी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून ठेव, कारण ऑइल वर चढतं. पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाणी ओत, नाहीतर रंग जातो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे बहुतेक लोक विसरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. मे महिन्यात दुपारी कन्नडचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवलास, तर आत वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. म्हणून घाटात दुसरा-तिसरा गिअर ठेव आणि ब्रेक सोडून सोडून दाब. ऑइलचा रंग चहासारखा झाला असेल तर वाट बघू नकोस.

बदलताना झाकणावर लिहिलेलं डॉटच घे, बाटली सीलबंद हवी, आणि डॉट 5 त्यात मिसळू नकोस. शंभर-दीडशे मिलीत काम होतं. कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लाव, तिचं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव. लिव्हर दाबून धर, आठच्या पान्यानं निपल पाव फेरा सोड, लिव्हर खाली गेली की निपल बंद कर, मगच लिव्हर सोड. बुडबुडे थांबून ऑइल स्वच्छ येईपर्यंत हेच. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस, हवा शिरली की सगळं पहिल्यापासून. निपल जाम असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेव. जोर लावलास तर ते मोडतं आणि खर्च वाढतो.

यानंतर लिव्हर स्पंजासारखी लागली तर आत हवा उरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरजवळ ऑइल दाबणाऱ्या भागाचं, सील गेलंय.

मागच्या ड्रम ब्रेकचं काम सोपं. धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नकोस, ब्रेक शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पूस. लायनर चकाकत असतील तर पॉलिश पेपर मार, ग्रीस मुरलं असेल तर फेक. शू फाकवणारा कॅम काढण्याआधी, तो फिरवणाऱ्या बाहेरच्या आर्मवर खूण कर. ग्रीस कॅमवर नखाएवढंच. जास्त लावलं की उन्हाळ्यात वितळून लायनरवर उतरतं. आणि एक गोष्ट अजिबात करू देऊ नकोस: पेडलपासून आर्मपर्यंत येणाऱ्या रॉडचा नट शेवटपर्यंत आवळून झाला की काही लोक आर्म एक दात मागे बसवतात. ब्रेक तात्पुरता लागतो, पण लायनर संपलाय हे सांगणारा बाण खोटं बोलू लागतो, आणि कॅम जास्त फिरून अडकायची भीती असते. तसं झालं की चाक जाम. त्यापेक्षा शू बदल.

पेडलला दोन ते तीन सेंटिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेव, चाक हातानं मोकळं फिरतंय का बघ आणि मागचा दिवा पेडल दाबताच लागतो का तेही. सगळं जोडल्यावर गाडी हलवण्याआधी पुढची लिव्हर ताठ लागेपर्यंत दाब. पहिल्या दाबाला काहीच धरत नाही. पॅड बदललेसच तर पहिले काही किलोमीटर अचानक जोरात ब्रेक मारू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय