आई, पस सेल्सची काळजी सोड. बाबा, तुम्ही मात्र थोडी घ्या

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दोघांच्या लघवीच्या आणि आईच्या रक्ताच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. आई फोनवर म्हणाली, "पस सेल्स वीस निघाल्यात, किडनी गेली वाटतं," आणि मागून बाबांचा आवाज, "मला काही नाही, नेहमीची साखर तेवढी आहे." फोनवर एकाला समजावायला घेतलं की दुसरा मध्ये बोलतो, म्हणून सविस्तर लिहितेय. औषध काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण लॅबमध्ये रोज सकाळपासून माझा डोळा मायक्रोस्कोपला असतो, त्यामुळे कुठल्या आकड्याला किती किंमत द्यायची एवढं मी नक्की सांगू शकते.

रिपोर्टमध्ये जे ठळक छापलेलं असतं ते कॉम्प्युटरने केलेलं असतं. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो जाड होतो, बस्स. माणसाचं वय काय, तो कुठल्या गोळ्या घेतो, नमुना कसा घेतला, यातलं त्याला काही कळत नाही. तुमच्या दोघांच्याही रिपोर्टमध्ये जाड अक्षरांनी घाबरवलंय भलतीकडेच.

आधी आईचं. पस सेल्स म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. आम्ही साधारण दहा मिलिलिटर लघवी नळीत घेऊन पाच मिनिटं फिरवतो, वरचं पाणी ओतून टाकतो आणि तळाला बसलेल्या गाळाचा एक थेंब काचेवर घेतो. मग एका वेळी जेवढं गोल क्षेत्र दिसतं त्यात पेशी मोजायच्या, पुढे सरकायचं, पुन्हा मोजायच्या. तशी आठ-दहा क्षेत्रं बघून सरासरी लिहितो. पाचपर्यंत पस सेल्स चालतात. तुझ्या आहेत १५ ते २०. पण आई, त्याच्याच खालची ओळ बघ: एपिथेलियल सेल्स, 'भरपूर'. मोठ्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी असतात त्या. किडनीतून येत नाहीत, बाहेरच्या त्वचेवरून आणि योनिमार्गातून येतात. त्या भरपूर दिसल्या की नमुना नीट घेतला गेला नाही हे आम्ही ओळखतो, आणि त्यांच्यासोबत बाहेरच्याच पांढऱ्या पेशीही आलेल्या असू शकतात. शिवाय तू नमुना पहाटे घेतलास आणि न्यायला माणूस आला उशिरा. लघवी तासा-दोन तासांत तपासायला हवी. नाहीतर जंतू वाढत जातात आणि लाल पेशी फुटून जातात, म्हणजे नसलेलं दिसतं आणि असलेलं हरवतं.

तुला जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागत नाही. मग घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नकोस. या वयात काहीच त्रास नसताना बायकांच्या लघवीत जंतू सापडणं अगदी सर्रास असतं, आणि तसं असताना अँटिबायोटिक घेऊन फायदा होत नाही. उलट पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध लागू पडेनासं होतं.

आता तुझ्या रक्ताच्या कागदावर ये. क्रिएटिनिन १.१. साध्या अक्षरात, मर्यादेच्या आत, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला मात्र तोच आकडा डाचतोय. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. तुझ्यासारख्या बारीक बाईचे स्नायूच कमी, त्यामुळे किडनी थोडी मंदावली तरी आकडा 'नॉर्मल'च दिसतो. तुझं ७२ वय धरून हिशोब केला तर ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज, ५३च्या आसपास येतो. ६०च्या खाली असेल तर लक्ष द्यायचं. वयानुसार तो हळूहळू उतरतोच, आणि एका आकड्यावरून किडनीचा आजार ठरत नाही. तीन महिने तो तसाच राहिला तर डॉक्टर तसं म्हणतात. म्हणून घाबरायचं नाही, पण ही तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायचीच.

आणि गुडघ्याची ती गोळी, आई. डायक्लोफिनॅक. कृपा करून आपल्या मनाने घेऊ नकोस. तुझ्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि लघवी वाढवणारं औषधही आहे. ही दोन्ही औषधं चांगली आहेत, ती बंद करायची नाहीत. पण त्यात वेदनाशामकाची भर पडली की किडनीच्या गाळण्यांमधला रक्ताचा दाब तिन्ही बाजूंनी कमी होतो, आणि उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी उतरलं असेल तर किडनी दोन-चार दिवसांत बसू शकते. अशा रुग्णांच्या नमुन्यात आम्हाला तपकिरी, दाणेदार कास्ट्स दिसतात. किडनीच्या बारीक नलिकांमध्ये प्रोटीन गोठून त्यांच्याच आकाराच्या कांड्या तयार होतात, त्या कास्ट्स. दाणेदार कास्ट्सनी भरलेली काच पाहिली की मी रिपोर्ट छापून यायची वाट बघत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावते. मला तुझ्या नावाच्या नळीत ते कधीही बघायचं नाहीये. दुखतंय हे खरंच आहे, म्हणून पॅरासिटामॉल किती घ्यायची, व्यायाम कुठला करायचा, हे डॉक्टरांना विचारूया.

बाबा, आता तुम्ही. लघवीत साखर तीन प्लस, ठळक. पण ती तुमच्या नव्या गोळीमुळे आहे. डापाग्लिफ्लोझिनचं कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकणं. ती गोळी घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसणारच. त्यावरून तुमचा मधुमेह बिघडला असा अर्थ काढू नका, आणि गोळी तर मुळीच सोडू नका. ती किडनी जपण्यासाठीही देतात. हायलाइन कास्ट्स, म्हणजे दाणे नसलेल्या पारदर्शक कांड्या, 'क्वचित' लिहिलंय, तेही सोडून द्या. पाणी कमी प्यायलं की त्या कोणाच्याही लघवीत दिसतात.

मला सांगायचंय ते लाल पेशींबद्दल. तुमच्या ६ ते ८ आहेत. तुम्ही म्हणालात, रंग तर स्वच्छ आहे. बाबा, एवढ्या पेशींनी रंग बदलतच नाही, म्हणून तर मायक्रोस्कोप लागतो. नीट घेतलेल्या नमुन्यात एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर त्या का आल्या हे शोधावं लागतं. कारण साधं असू शकतं: खडा, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग. पेशी वेड्यावाकड्या, फुगे आलेल्या दिसल्या तर त्या किडनीच्या गाळण्यांमधून पिळवटून आलेल्या असतात. छान गोल असतील तर बहुधा खालून, मूत्राशय वगैरेतून. पण तुम्ही कितीतरी वर्षं सिगारेट ओढलीत, आणि सिगारेट हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. सोडल्यावर धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे असेल" असं कोणी म्हणालं तरी तिथे थांबायचं नाही, कारण गोळी चालू असली तरी तपासण्या त्याच करतात. तुमच्या वयाच्या पुरुषांना सोनोग्राफी किंवा सीटी आणि दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी सुचवतात. बहुतेकांमध्ये काही गंभीर निघत नाही. निघालंच तर लवकर सापडलेलं बरं करता येतं. दुर्बीण म्हटलं की तुम्ही टाळाल हे मला ठाऊक आहे, म्हणून मी सोबत येणार.

प्रोटीन 'ट्रेस', म्हणजे नावापुरतं, आहे. लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा तो रंग लघवी दाट असली तरी येतो, म्हणून त्यावर विसंबायचं नाही. दोघांनीही अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीत क्रिएटिनिनच्या तुलनेत अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातं ती तपासणी, करून घ्या. तो ३०च्या आत असला म्हणजे ठीक. किडनीला इजा होऊ लागली की अंगाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी हा आकडा वाढतो.

लघवीचा नमुना नव्याने द्यायचाय. सकाळची पहिली लघवी, आधी पाण्याने स्वच्छ धुऊन. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. आणि वाट बघत न बसता डबी स्वतः लॅबमध्ये नेऊन द्या. पाणी तहानेप्रमाणे प्या. घटाघटा तांबे रिकामे करून लाल पेशी जात नाहीत, बाबा.

थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, लघवी लाल झाली किंवा अगदी कमी झाली, तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

बाबा, कपाटातली जुन्या रिपोर्टची फाईल काढून आईचे मागचे क्रिएटिनिनचे आकडे तारखेसकट मला पाठवा. तेवढं आज रात्रीच करा.

तुमची,
लेक