वहिनींच्या घरून-कामाचा हिशेब

म्युनिक, मार्च

ती. दादा व सौ. वहिनींना सा. न.

वहिनी, घरून काम केलं तर महिन्याला नेमके किती वाचतील, असं तुम्ही विचारलंत. पेट्रोल वाचतं हे खरंच, पण आपल्या नागपुरात ते वाचलेलं हातात राहतं की नाही, हे एप्रिल-मेमध्ये ठरतं.

आधी जमेची बाजू. महालातल्या घरापासून मिहानच्या ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले. स्कूटर रहदारीत लिटरला ४५ देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं, म्हणजे दिवसाला ७० रुपये. २२ दिवसांचे १,५४०. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला ४०० धरा. कॅन्टीनचं जेवण आणि चहा ८० रुपये. त्यातून घरच्या जेवणाचे ३० वजा करायचे, हे लोक हमखास विसरतात. उरले ५० गुणिले २२, म्हणजे १,१००. एकूण ३,०४०. मेट्रोनं जात असाल तर आकडा बराच खाली येईल. आणि आठवड्यातले तीनच दिवस घरून असतील तर २२ च्या जागी १३ घाला. गाडीचा विमा मात्र तेवढाच भरावा लागतो.

आता वीज. लॅपटॉप ६० वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, राउटर आणि दिवा मिळून २०. नऊ तासांत जेमतेम एक युनिट. जुना पंखा ७५ वॅट खातो, तेव्हा ज्या खोलीत बसाल तिथला तेवढा बदला, घरभर नको.

कूलरला १८० वॅट धरले तर आठ तासांत दीड युनिटसुद्धा होत नाही. दीड टनाचा एसी भर उन्हात तासाला सव्वा युनिट घेतो. आठ तासांचे दहा, महिन्याचे २२०. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. महागडा दर फक्त टप्पा ओलांडलेल्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पण एसीची ही युनिटं वरच्याच टप्प्यात पडणार. सगळं धरून युनिटला १५ रुपये पकडले तर ३,३०० झाले. म्हणजे वाचवलेले सगळे गेले आणि वर २६० खिशातून.

म्हणून कूलरच. नागपूरची हवा मेमध्ये कोरडी असते, त्यामुळे पाण्याची वाफ झपाट्यानं होते आणि हवा गार पडते. त्यासाठी कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी. दादाला दार लावून बसायची सवय आहे. तसं केलं की तीच दमट हवा खोलीत फिरते, अंग चिकचिकतं आणि मग "कूलर बेकार झाला" म्हणून एसी लागतो. वाळ्याच्या ताट्या किंवा गवत दर मोसमात बदला, बोअरच्या पाण्याचे क्षार बसले की हवाच येत नाही. जुलैत दमटपणा वाढला की पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

आणि पाणी भरताना पिन काढूनच. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पत्र्याच्या कूलरनं शॉक बसून दरवर्षी माणसं जातात. तीन पिनचा प्लग, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच. हा खर्च वाचवायचा नाही. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथंच होतात.

लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, नेट तेवढं जातं. त्यापायी मोठा इन्व्हर्टर नको, राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचं वाचा: १२ व्होल्ट की ९, आणि किती अँपिअर. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो.

इथं जर्मनीत घरून काम केलेल्या दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. आपल्याकडे पगारदाराला अशी वेगळी वजावट नाही, म्हणून नेटचं बिल कंपनी देते का, ते एचआरला आताच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

मागच्या मेचं वीजबिल सापडलं तर फोटो पाठवा. त्यात ३०० च्या वर किती युनिटं गेली होती, ते आधी बघू.

आई-बाबांना नमस्कार, पोट्ट्यांना पापा.

तुमचा,
धाकटा