सीमाभिंतीमागे तुंबलेले पाणी आणि बुजलेली भोके

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘मुसळधार पावसामुळे भिंत कोसळली’ ही बातमी दर पावसाळ्यात एकदा तरी छापावी लागते. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले. तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यातही भिंत वस्तीवर आली. तिथला मृतांचा आकडा त्याहून मोठा होता. अशा बातमीत पाऊस किती मिलिमीटर झाला हे हमखास असते. भिंतीमागे पाणी किती उंचीपर्यंत साठले होते आणि ते बाहेर पडायला वाट होती का, हे मात्र क्वचितच असते. भिंत पडणार की टिकणार हे ठरते ते या दुसऱ्या गोष्टीवरून, म्हणून हे पत्र.

साठलेल्या पाण्याचा दाब फक्त खोलीवर आणि घनतेवर अवलंबून असतो. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला १००० किलो, तीन मीटरवर ३००० किलो. वर शून्य, तळाशी सर्वात जास्त, म्हणून तीन मीटर उंच भिंतीवर सरासरी १५०० किलो धरायचे. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण ढकल आली ४५०० किलो, आणि ती लागते पायापासून एक मीटर उंचीवर. पाणी निम्म्यावर, म्हणजे दीड मीटरवर आणले की ढकल चौथाई होते, ११२५ किलो. भिंत उलथवणारा जोर तर आठव्या हिश्श्यावर येतो, कारण तो उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. भिंतीमागचे पाणी पूर्ण काढता आले नाही तरी अर्धे काढण्याने किती फरक पडतो, हे यावरून कळेल.

या हिशेबात पाणी एकूण किती आहे हे कुठेच आले नाही. नेदरलँड्समधला अभियंता सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्येच हे मांडले होते, तरी आजही सोसायटीच्या सभेत ‘मागे काय तलाव आहे का?’ असा प्रश्न येतोच. तलावाची गरज नाही. भिंत आणि माती यांच्यामध्ये दोन सेंटीमीटरची फट असली आणि ती तीन मीटर खोलपर्यंत पाण्याने भरली, तर दर मीटर लांबीला पाणी लागते अवघे ६० लिटर, म्हणजे तीन-चार बादल्या. त्या तीन-चार बादल्या भिंतीला तेच ४५०० किलो लावतात. वीस मीटर लांब भिंतीला १२०० लिटर पाणी आणि ९० टन ढकल. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला की ३०,००० लिटर पाणी उतरते, आणि कित्येक इमारतींचे गच्चीचे पाइप याच सीमाभिंतीच्या मुळाशी सोडलेले असतात.

याच तत्त्वावर गवंडी रोज काम करतो. पारदर्शक नळीत पाणी भरून तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला लेव्हल नेतो. नळी बोटाएवढी जाड असो वा मनगटाएवढी, वाकडी असो वा वेटोळी, दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला थांबते. भिंतीमागची बारीक फटही तशीच नळी आहे.

ही फट आपल्याकडे दर उन्हाळ्यात आपोआप तयार होते. भरावात काळी माती असेल तर ती एप्रिल-मेमध्ये आकसते आणि भिंतीपासून सुटते. बोट, कधी अख्खा हात जाईल एवढी चीर वरूनच दिसते. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत जमीन अजून आतून कोरडीच असते, पण चीर काठोकाठ भरते आणि काही मिनिटांत भिंतीवर पूर्ण उंचीचा दाब येतो. पुढे माती फुगून चीर मिटते, तर फुगलेल्या मातीचा जोर वेगळाच. ‘पाऊस तर आत्ताच सुरू झाला, एवढ्यात कशी पडली?’ याचे उत्तर बऱ्याचदा या चिरेत असते. काळी माती भरावाला वापरूच नये. वापरली गेलीच असेल तर मे महिन्यात या चिरा बारीक मुरुमाने भरून वरून बंद करणे हे सर्वात स्वस्त काम आहे.

भराव चांगल्या मुरुमाचा असेल तर काय होते, तेही पाहू. कोरडा मुरूम घनमीटरला साधारण १८०० किलो भरतो आणि स्वतःच्या घर्षणामुळे बाजूला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच रेटतो. तीन मीटरला ही ढकल दर मीटर लांबीला २७०० किलो होते. तोच मुरूम वरपर्यंत पाण्याने भरला की मातीच्या कणांना पाणी उचलून धरते आणि मातीची ढकल १५०० वर उतरते. पण पाण्याला घर्षण नाही. ते आपले ४५०० किलो पूर्णच्या पूर्ण लावते. बेरीज झाली ६०००, म्हणजे कोरड्याच्या दुपटीहून जास्त. माती ओली होऊन जड झाली म्हणून भिंत गेली, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वाढीचा मोठा भाग पाण्याचा असतो, आणि पाण्याला वाट दिली तर तो टळतो. भराव पार विरघळून त्याचा राडा झाला तर मात्र घनतेचा खेळ सुरू होतो: १७०० किलो घनमीटरचा चिखल पाण्यासारखाच चारी बाजूंनी दाबतो आणि तीन मीटरला ढकल साडेसात टनांच्या वर जाते.

आता नेहमीची नऊ इंची विटांची कंपाऊंड वॉल घ्या. ती हद्द दाखवायला असते, माती अडवायला नव्हे. दोन मीटर उंच भिंतीचे वजन दर मीटरला साधारण ९०० किलो आणि जाडी २३ सेंटीमीटर. निव्वळ वजनाच्या भरवशावर ती उभी असेल, तर मागे ८५ सेंटीमीटर पाणी साठले की उलटायला पुरते. सिमेंटचा धर आणि पाया थोडी साथ देतात, पण पहिली आडवी भेग पडली की धर संपला. आणि आपण काय करतो? पलीकडचा प्लॉट खोदला जातो, आपल्या बाजूला बाग म्हणून दोन फूट माती चढते, पेव्हर ब्लॉक बदलताना जुन्यावरच नवा थर पडतो, वर चोरांसाठी आणखी तीन फूट विटा चढवल्या जातात. हद्दीची भिंत अशी हळूहळू रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, होते आणि तिला कोणी विचारलेले नसते.

मे महिन्यात करायची तपासणी अवघड नाही. आधी दोन्ही बाजूंच्या जमिनीतला फरक मोजा, गवंड्याच्या त्याच नळीने. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, म्हणून भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत आले का ते पाहा आणि मोजताना दोन्ही टोकांवरचा अंगठा काढा. फरक एक मीटरहून जास्त असेल आणि भिंत साध्या विटांची असेल, तर पुढचे वाचण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

दुसरे, पाणी निघायची भोके, ज्यांना सगळे वीप होल म्हणतात. प्रत्येक भोकात दहा-बारा मिलिमीटरची सळई घालून पाहा. ती भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाऊन मागच्या खडीला लागली पाहिजे. दोन-तीन इंचांवरच अडली तर तिथे भोक नाही, दर्शनी बाजूला पाइपचा तुकडा चिकटवलेला आहे. हा प्रकार सर्रास चालतो, बिलात मात्र पूर्ण लांबीचा पाइप लागतो. काही ठिकाणी रंगवाल्याने भोके लांबीने (पुट्टीने) बुजवलेली असतात, काही ठिकाणी घाण पाणी येते किंवा साप निघतात म्हणून रहिवाशांनी सिमेंट कोंबलेले असते. सापासाठी तोंडाला जाळी बसवा. बाहेरचा रस्ता काँक्रीटचा होऊन फूटभर उचलला गेला असेल तर खालची ओळ रस्त्याखाली गाडली गेलेली असते. दिसते ती वरची, आणि तिच्याखालचे सगळे पाणी अडकून पडते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभराने भोके पाझरताना दिसली तर बरे. भोके कोरडी आणि विटांचे सांधे ओले, किंवा एका पट्ट्यात लोणा फुटलेला, याचा अर्थ पाणी मागे आहे आणि त्याला वाट नाही. अशा ओल्या सांध्यांवर बाहेरून वॉटरप्रूफ प्लास्टर मारणे म्हणजे उरलीसुरली वाटही बंद करणे. तिसरी तपासणी ओळंब्याची: वर, मध्ये आणि खाली अंतर मोजून भिंतीवरच तारखेसह लिहा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. जुना थोडा कल एक वेळ चालेल. पंधरा दिवसांत वाढलेला कल किंवा मध्येच सुटलेले पोट चालणार नाही.

नवी भोके पाडायची तर कोअर कटरने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या यंत्राने, ब्रेकरचे हादरे देऊन नव्हे. व्यास ७५ ते १०० मिलिमीटर, अंतर सुमारे दीड मीटर, ओळी एकाआड एक सरकवून, सर्वात खालची ओळ बाहेरच्या जमिनीपासून वीतभर वर. पाइपला बाहेरच्या बाजूला उतार हवा. आतल्या टोकाला बारीक छिद्रे पाडून त्यावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडणारे पण माती अडवणारे कापड, गुंडाळावे. नुसता उघडा पाइप ठेवला तर एक तर चिखलाने बुजतो, नाहीतर भरावातली माती वाहून नेतो आणि वरचे पेव्हर खचतात. काम कोरड्या दिवसांत करावे. मागे पाणी असतानाच करणे भाग पडले तर वरच्या ओळीपासून खाली यावे, कारण तळाशी एकदम भोक पाडले की पूर्ण दाबाचा फवारा मातीसकट अंगावर येतो.

खरा उपाय भिंतीच्या मागे असतो: फूटभर जाडीचा २० ते ४० मिलिमीटर खडीचा थर, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाईल, तळाशी गटाराकडे उतार दिलेला सच्छिद्र पाइप, आणि माथ्यावर पाणी आत जाऊच नये म्हणून काँक्रीटची पट्टी व उथळ नाली. खोदकाम एका दमात पूर्ण लांबीचे करू नये. दोन-दोन मीटरचे टप्पे, एक सोडून एक, आणि उभ्या खड्ड्याला आधार दिल्याशिवाय माणूस खाली उतरवू नये. हे खर्चिक आहे. निदान गच्चीचे पाइप भिंतीपासून तोडून थेट पावसाळी गटाराला जोडणे तरी या महिन्यात होऊ शकते.

जाता जाता, हेच पाणी जमिनीखालच्या टाकीलाही उचलते. पाच बाय तीन मीटर आणि अडीच मीटर खोल टाकीखाली, भूजल जमिनीपर्यंत आले असता, ३७ टनांहून जास्त उचल असते आणि २०० मिलिमीटर भिंतींच्या रिकाम्या टाकीचे वजन साधारण ३० टन. टाकी धुवायची ती मेमध्ये, ऐन जुलैत रिकामी करून ठेवू नये.

महापालिकांकडे तीन अपेक्षा. मुंबईत अतिधोकादायक इमारतींची सी-१ यादी दर वर्षी निघते. तीन फुटांहून जास्त भराव अडवणाऱ्या सीमाभिंतींचीही तशी यादी हवी. तीस वर्षांवरील इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये स्लॅब, कॉलम, बीम सगळे येते; त्याच अहवालात भिंतीचा ओळंबा आणि भोकांची स्थिती यांचे एक पान सक्तीचे करावे. आणि बांधकाम परवान्यात मजुरांची वसाहत अशा भिंतीपासून किमान भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर असावी, ही अट घालून ती पावसाआधी जागेवर जाऊन तपासावी. पत्र्याच्या खोल्या भिंतीला टेकवल्या की एक बाजूचा पत्रा वाचतो, ठेकेदाराचा हिशेब एवढाच असतो.

वाचकांसाठी शेवटची सूचना. पाऊस कोसळत असताना वरच्या बाजूला भिंतीलगत पाणी तुंबलेले दिसले, तर भिंतीच्या खालच्या बाजूला जाऊन भोके कोरू नका. वरून पाणी वळवा, वाळूची पोती टाका, भिंतीला लागून उभ्या गाड्या हलवा आणि खालच्या बाजूची माणसे रात्र असली तरी उठवून बाहेर काढा. पाऊस थांबला म्हणून त्यांना लगेच परत पाठवू नका. भरावातले पाणी उतरायला वेळ लागतो, आणि तोवर भिंतीवरचा दाब तसाच असतो.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, पुणे